अप्पांची साक्ष आणि माझा 'नाही'

भर कोर्टात, सासऱ्यांची साक्ष चालू असताना, मी त्यांना खोटं बोलायला सांगितलं. चूक माझी होती. परिस्थितीची नव्हती, वकिलांची नव्हती, आणि बायको म्हणते तशी माझ्या आईने केलेल्या लाडांचीही नव्हती. ती मी कुजबुजत केली, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे. पण ती कुजबुज थेट न्यायाधीशांपर्यंत पोचली, त्यामुळे तेही फारसं बाजूने जात नाही.

माझी कुजबुज लांब जाते, त्याला कारण आहे. लग्नाआधी मी गिरगावातल्या एका चाळीत गणपतीच्या नाटकांना प्रॉम्प्टर होतो. विंगेत अंधारात उभं राहायचं आणि नट अडला की त्याला हळूच वाक्य पुरवायचं. नायकाचं काम वर्षानुवर्षं एकच गृहस्थ करायचे, ते म्हणजे अप्पा. उंच, देखणे, भारदस्त आवाजाचे, आणि पाठांतराच्या नावाने शंख. एका प्रयोगात तर 'नमस्कार' हा शब्दसुद्धा मी पुरवला होता! प्रॉम्प्टरचा आवाज नटाला ऐकू जावा आणि प्रेक्षकांना जाऊ नये, असा नियम आहे. माझा दोघांनाही जायचा. चाळीतली मंडळी प्रत्येक वाक्य आधी माझ्या तोंडून ऐकायची, मग अप्पांच्या, आणि कोणी बरं म्हटलं यावर मध्यंतरात चर्चा करायची.

अप्पांनी मला मुलगी दिली ती यामुळेच. बैठकीत माझा पगार, घर, पत्रिका यांतलं काहीच धड निघेना, तेव्हा ते म्हणाले होते, "बाकीचं जाऊ द्या. मुलगा वेळेला धावून येतो." या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे. त्यामुळे अप्पा अडले आणि मी गप्प बसलो, असं माझ्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. जिथे घडायला हवं होतं तिथेही घडलं नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी मीरा रोडला, पूनम सागरमध्ये एक लहानसा फ्लॅट घेतला. आयुष्यभराची कमाई म्हणजे तेवढंच. पण सासूबाईंचा पाय चाळीतून निघेना, म्हणून तो काही काळासाठी सबनीस नावाच्या गृहस्थांना भाड्याने दिला. किल्ली देताना मीही हजर होतो. सबनीस मोठे मर्यादशील. त्यांनी संकोचून विचारलं की, भिंतीला एखादा खिळा मारला तर चालेल का. अप्पा म्हणाले, "अहो, विचारताय काय? घर तुमचंच समजा."

सबनीसांनी तसंच समजून घेतलं.

पुढे गुडघ्यांनी चाळीचे जिने नाकारले, तेव्हा सासूबाई निघायला तयार झाल्या. करारही संपत आला होता. अप्पांनी चाळीतली खोली सोडली आणि दोघं सामानासकट भाईंदर पश्चिमेला आमच्याकडे आले, आठवडाभरासाठी. त्याच आठवड्यात सबनीसांनी सांगितलं की, मी काही घर सोडत नाही. घर तुम्ही मला विकायचं कबूल केलंय, शब्द दिलाय, त्याच शब्दावर कोर्टात दावा लावलाय. शब्द कोणता? तर तोच, खिळ्याच्या वेळचा.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. अप्पा आणि सासूबाई खोलीत, आम्ही दोघं ओट्याखाली पाय घालून स्वयंपाकघरात. सासूबाईंनी देव्हारा टीव्हीवर मांडला होता, त्यामुळे मुख्यमंत्र्यांचं भाषण लागलं की त्यांच्या डोक्यावर निरांजन तेवताना दिसायचं. आम्ही हसत होतो, पण रात्री जेवणं झाल्यावर अप्पा खिडकीशी जाऊन उभे राहायचे. ते घर गेलं असतं तर त्यांना दुसरं नव्हतं. या वयात जावयाकडे कायमचं राहायचं, ही कल्पना त्यांना सोसत नव्हती. (माझी बायको नंदा हिलाही सोसत नव्हती, पण तिचं कारण ओटा होतं.)

आमच्या वकील होत्या मर्सी डिमेलो. जवळच्याच उत्तन या किनाऱ्यावरच्या गावच्या. बाई स्पष्ट बोलायच्या आणि पुस्तकी मराठी बोलायच्या. मात्र चिडल्या की त्यांच्या तोंडून उत्तनचा किनारा बाहेर पडायचा. अप्पांची उलटतपासणी लागली, तेव्हा त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. अप्पांना म्हणाल्या, जे घडलं ते सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, बाकी माझ्यावर सोडा. मग माझ्याकडे वळल्या. कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं, कोणीही येऊन बसू शकतं, आणि म्हणूनच कसं बसायचं ते माहीत हवं. न्यायाधीश आले की उठायचं, ते बसले की बसायचं, मोबाइल बंद, तोंडात काही चघळायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. आणि साक्षीदाराकडे बघून मान हलवायची नाही, खूण करायची नाही, डोळेसुद्धा मोठे करायचे नाहीत.

मी म्हटलं, "मॅडम, काळजी करू नका. मी नाटकातला माणूस आहे. मला शिस्त आहे."

हे ऐकून त्या निर्धास्त झाल्या. बिचाऱ्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं.

तारखेच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ठाण्याच्या बसमध्ये बसलो. सासूबाई घरी देवापुढे बसल्या होत्या, म्हणजे टीव्हीपुढे. घोडबंदर रोड लांबलचक, म्हणून मी विचार केला की, वेळ वाया का घालवा, एक तालीम होऊन जाऊ दे. सबनीसांच्या वकिलांची भूमिका मी घेतली. काशिमिऱ्यापर्यंत मी सभ्यपणे प्रश्न विचारले. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मग मला वाटलं, खरा वकील एवढा मवाळ नसणार. म्हणून चेण्याच्या आसपास मी आवाज चढवला आणि बोट रोखून म्हणालो की, तुम्ही खोटं बोलताय, शब्द देऊन फिरलात, एका सज्जन माणसाला फसवलंत.

सगळी बस वळून बघू लागली. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ उठूनच उभे राहिले. "क्यूँ डाँट रहे हो बुढ्ढे आदमी को? शरम नहीं आती?"

मी म्हटलं, "ये मेरे ससुर हैं."

"फिर तो और शरम आनी चाहिए."

नंदाने खिडकीकडे तोंड फिरवलं, जणू ती आमच्याबरोबर नव्हतीच. कंडक्टरने अप्पांना विचारलं की, काका, पुढे बसता का, जागा करून देतो. अप्पा उठले आणि खरंच पुढे जाऊन बसले! ठाण्यापर्यंत त्या उठून उभ्या राहिलेल्या गृहस्थांशी गप्पा मारत होते. तालीम अर्धवट राहिली. आज मी त्या गृहस्थांचेही आभार मानतो.

कोर्टात शिरताना मी दाराशी चपला काढल्या. मुद्दाम नाही काढल्या. आत माणसं गप्प बसली असतील आणि समोर उंचावर कोणी बसणार असेल, तर आपले पाय आपोआप चपलांतून बाहेर येतात. पट्टेवाला म्हणाला, "साहेब, देऊळ नाही हे. घाला." मी घातल्या आणि आत जाऊन पुढच्या, जरा बऱ्या दिसणाऱ्या खुर्चीवर बसलो. ती वकिलांची होती. तिथून उठवला गेलो. मागच्या बाकावर बसलो, तेव्हा मोबाइलची आठवण झाली. नुसता बंद करण्यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी त्याची बॅटरीच काढली. ती हातातून निसटली, फरशीवर टणटणत गेली आणि सबनीसांच्या वकिलांच्या काळ्या डगल्याखाली जाऊन थांबली. त्यांनी ती उचलून, अगदी हसतमुखाने, मला आणून दिली. मी त्यांना मनापासून "थँक्यू" म्हटलं, तेव्हा डिमेलो मॅडमनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात न्यायाधीश आल्या. मध्यम वयाच्या बाई, शांत चेहऱ्याच्या. सगळे उठले, मीही उठलो आणि दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, घर वाचू दे असं मनात म्हटलं. डोळे उघडले तेव्हा सगळे बसलेले होते आणि मी एकटाच उभा होतो. नंदाने माझा शर्ट मागून खाली ओढला. न्यायाधीशबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. अजून त्यांना मी भाविक वाटत होतो.

अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. रंगमंचावर उभे राहायचे तसेच, ताठ. सबनीसांच्या वकिलांनी सुरुवातीला साधेच प्रश्न विचारले. फ्लॅट कधी घेतला, किल्ली कोणी दिली, तेव्हा कोण कोण होतं. अप्पा नीट उत्तरं देत होते. मी बाकावर खांबासारखा बसलो होतो. मला माझा अभिमान वाटू लागला होता, आणि इथेच सावध व्हायला हवं होतं.

मग वकील दोन पावलं पुढे आले. आवाज खाली घेतला. "किल्ली देताना तुम्ही माझ्या अशिलाला म्हणालात, 'घर तुमचंच समजा.' म्हणालात की नाही?"

अप्पा थांबले.

त्यांनी डावा हात कमरेवर ठेवला. मान थोडी वर केली. नजर छताच्या पंख्याला लागली. वाचकहो, ही पोझ मला पाठ होती. गिरगावात अप्पांनी हात कमरेवर ठेवला आणि वर पाहिलं की, त्याचा अर्थ एकच असायचा: वाक्य गेलं, आता तू सांभाळ. मी स्वतःला आवरलं. देवाशपथ आवरलं. पण पंखा फिरत होता, साक्ष टाइप करणारा कारकून थांबला होता, अप्पा वरच बघत होते, आणि त्या शांततेत माझ्यातला माणूस बाजूला सरला आणि विंगेतला प्राणी जागा झाला.

"नाही म्हणा, अप्पा. नाही."

माझं तोंड मिटायच्या आत मला कळलं की, आवाज छान लागला होता.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "कोण बोललं?"

मी उभा राहिलो. पळायला वाटच नव्हती, नंदा बाकाच्या टोकाला बसली होती आणि ती मला जाऊ देण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

"तुम्ही कोण?"

याचं उत्तर सोपं होतं. जावई. नुसतं श्रीकांत म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण विंगेतला प्राणी अजून जागाच होता, आणि मी खरं तेच बोललो.

"प्रॉम्प्टर."

आधी टाइप करणारा हसला, मग सगळेच. सबनीसांच्या वकिलांना तर आनंद आवरेना. साक्षीदार पढवून आणलाय, पढवणारा स्वतः कबूल करतोय, याची नोंद व्हावी, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं इतकं मुद्देसूद होतं की, मला स्वतःलाच ते पटलं. बाईंनी नोंद घ्यायला सांगितली आणि मला बाहेर जायला सांगितलं, बोलावेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. मी जाताना डिमेलो मॅडमच्या शेजारून गेलो. त्या दात न उघडता म्हणाल्या, "तोंडाला कुलूप हाय का न्हाय तुमच्या?"

बाहेर मी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आत काय चाललंय ते शब्दांत ऐकू येत नव्हतं. मला एकच दिसत होतं. अप्पांचं घर गेलं, आणि ते सबनीसांनी नाही नेलं, मी घालवलं. ज्याला 'वेळेला धावून येतो' म्हणून मुलगी दिली, त्याने नको त्या वेळेला धाव घेतली. आता देव्हारा कायमचा टीव्हीवर. अप्पा कायमचे खिडकीशी. तेवढ्यात आत हशा पिकला. मग आणखी एकदा, जास्त मोठा. मला वाटलं, म्हाताऱ्याची टर उडवताहेत आणि मी बाहेर उभा आहे. आत घुसून एकदाच सगळ्यांना सांगावं की दोष माझा आहे, म्हणून मी दाराकडे पाऊल टाकलं. पट्टेवाल्याने नुसता हात आडवा धरला. त्या आडव्या हाताचे माझ्यावर फार उपकार आहेत.

बऱ्याच वेळाने नंदा बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"अप्पांनी 'हो' म्हटलं," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. मी बाहेर गेल्यावर न्यायाधीशबाईंनी अप्पांना विचारलं की, आता तुम्हाला काय उत्तर द्यायचंय. अप्पा म्हणाले, माझा जावई भला माणूस आहे, पण त्याने सांगितलेलं वाक्य चुकीचं आहे. मी म्हणालो होतो, 'घर तुमचंच समजा.' वकिलांनी लगेच विचारलं, म्हणजे घर द्यायचं कबूल केलंत? त्यावर अप्पा म्हणाले:

"साहेब, मघाशी बाहेर बाकावर जागा नव्हती. तुम्ही स्वतः सरकलात आणि मला म्हणालात, 'बसा काका, बाक आपलाच आहे.' मी तुमचे आभार मानतो. पण बाक मी घरी नेणार नाही."

हशा हा होता. पहिला हशा. टाइप करणाऱ्याने 'बाकाचंही लिहू का?' विचारलं तेव्हा दुसरा पिकला, त्यात सबनीस स्वतःही हसले, आणि डिमेलो मॅडम म्हणतात, दावा तिथेच संपला, पुढचं नुसतं लिहायचं राहिलं.

आणि माझा 'नाही'? तोही वाया गेला नव्हता म्हणे. साक्षीदाराला भर कोर्टात एक उत्तर पुरवलं गेलं आणि त्याने स्वतःच्या तोट्याचं दुसरंच दिलं, यापेक्षा तो पढवलेला नाही याचा पुरावा कोणता हवा? मॅडमनी हा मुद्दा चांगला रंगवून मांडला. नंतर मी त्यांना विचारलं की, म्हणजे माझी मदतच झाली ना. त्या फायलीची दोरी बांधत म्हणाल्या, "तुम्ही हे मुद्दाम केलं असतं तर मी तुम्हाला हुशार म्हटलं असतं."

कामकाज आटोपल्यावर मला आत बोलावलं. मी न्यायाधीशबाईंसमोर उभा राहिलो आणि माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. मला वाटलं, आता शिक्षा. त्या अजिबात चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तिथे उभा असतो तो माणूस एकटा असतो. त्याला एकटं राहू द्यायचं असतं. इथे येऊन बसणाऱ्याला एवढंच करायचं असतं, आणि तेच तुम्हाला जमलं नाही. माझी माफी नको. त्यांची मागा." पुढे म्हणाल्या, "ते विसरले नव्हते."

त्या बाईंचं नाव मी कधी विसरणार नाही. मला बरंच काही करणं त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी फक्त खरं सांगून सोडून दिलं.

परतीच्या बसमध्ये मी अप्पांच्या शेजारी बसलो, पण माफी काही निघाली नाही. घरी गेल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचा पेपर मी आधी त्यांना दिला. रविवारी स्वतः जाऊन उत्तनच्या कोळणीकडून त्यांना आवडतं पापलेट आणलं. संध्याकाळी क्रिकेट चालू असताना रिमोट त्यांच्या हातात ठेवला, आणि हे ज्यांच्या घरी सासरे राहून गेलेत त्यांनाच समजेल. माफी सोडून मी अप्पांना सगळं दिलं. त्यांनी सगळं घेतलं आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकदा मी धीर करून विषय काढला की, अप्पा, तुम्ही तेव्हा पंख्याकडे का बघत होतात. ते म्हणाले, "विचार करत होतो. खरं सांगितलं तर घर जाईल का, याचा." आणि पापलेटाचा काटा काढू लागले.

काही महिन्यांनी निकाल लागला. दावा फेटाळला गेला. सबनीसांनी मुकाट्याने घर सोडलं. जाताना सगळं नेलं, खिळे तेवढे भिंतीत ठेवले.

राहायला जायच्या दिवशी नंदा आणि सासूबाई आत देव्हारा मांडत होत्या. अप्पांनी दारावर लावायला नावाची पाटी करून आणली होती. ती दुसऱ्या कोणी लावलेली त्यांना नको होती. ते स्टुलावर चढले, हातात स्क्रूड्रायव्हर, तोंडात दोन स्क्रू, आणि मी खाली स्टूल धरून उभा. मला वाटलं, आत्ताच. आत्ता ते वर आहेत, डोळ्याला डोळा भिडणार नाही.

"अप्पा," मी म्हटलं, "त्या दिवशी कोर्टात…"

"काय? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

इतकी वर्षं ज्या माणसाला माझी कुजबुज चाळीच्या टोकावरूनही ऐकू यायची, त्याला आता ऐकू येत नव्हतं. म्हणून मी पोटातून आवाज काढला आणि सगळं सांगितलं. की तुम्ही विसरलात असं मला वाटलं, ते चुकलं. की मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं, आणि तुम्ही खरं बोललात म्हणून हे घर राहिलं. की तुमच्या भरवशाला मी लायक ठरलो नाही. "अप्पा, मला माफ करा."

जिन्यात आवाज घुमला. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. आतून एक गुजराती मावशी हातातल्या पिठासकट बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि कळवळून म्हणाल्या, "माफ कर दो ना अंकल, कितना बोल रहा है बेचारा."

अप्पांनी तोंडातले स्क्रू काढले.

"केलं हो, केव्हाच केलं. श्रीकांतराव, आधी स्टूल धरा."

माफी मागायची म्हणून मी दोन्ही हात जोडले होते.